पहिली अफिलिएट वेबसाइट: लेख आधी, डोमेन नंतर, अर्ज सगळ्यांत शेवटी

अफिलिएट वेबसाइट म्हणजे वस्तूंविषयी लिहून दुकानाची लिंक देणारी साइट; त्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन मिळतं. नवीन माणूस ती सुरू करतो तेव्हा बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. पहिल्या दिवशी डोमेन (वेबसाइटचा पत्ता), दुसऱ्या दिवशी ॲमेझॉन असोसिएट्सचा, म्हणजे ॲमेझॉनच्या कमिशन कार्यक्रमाचा अर्ज, मग आठवडाभर थीमचे (साइटच्या दिसण्याच्या साच्याचे) रंग बदलणं, आणि लिहायला बसल्यावर तिसऱ्या लेखातच विषय संपलेला. अर्ज केला त्या दिवसापासून १८० दिवसांची मुदत चालू झालेली असते. त्यात किमान तीन पात्र (नियमांत बसणाऱ्या) विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. काम जमत नाही म्हणून सोडून देणाऱ्या बऱ्याच जणांची खरी अडचण क्रमाची असते.

पुढचे सगळे टप्पे एकाच उदाहरणावर बेतले आहेत: मराठीतली, फक्त घरघंटी या विषयाची वेबसाइट. घरगुती पिठाची गिरणी ही महाग वस्तू आहे, घेण्याआधी माणसं खूप प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न मराठी स्वयंपाकघरातले असतात. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

पॅन कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक खातं, या कामापुरता वेगळा ईमेल पत्ता, एक स्प्रेडशीट आणि चांगला फोटो काढणारा फोन. खर्च मुख्यतः दोनच गोष्टींवर होतो, डोमेन आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा). दोन्हींसाठी पहिल्या वर्षाचा आकडा पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा. जाहिरातीतला स्वस्त दर पहिल्या मुदतीपुरता असतो आणि पुढच्या वेळी तोच प्लॅन कितीतरी महाग पडतो.

पहिले सहा महिने कमाई शून्य धरून चाला. घरखर्च या पैशांवर अवलंबून असेल तर हे काम आत्ता सुरू करू नका.

टप्पा १: विषय तपासा

विषयाला तीन कसोट्या लावा.

पहिली कसोटी पैशांची. समजा तुम्ही ६०० रुपयांची वस्तू सुचवली आणि कमिशन ५ टक्के धरलं, तर एका विक्रीचे ३० रुपये. १५,००० रुपयांच्या घरघंटीवर ४ टक्के धरले तरी ६०० रुपये. हे दर हिशेबापुरते आहेत. खरे दर वस्तूच्या वर्गानुसार ठरतात आणि बदलतात, म्हणून कार्यक्रमाच्या दरपत्रकात आपला वर्ग शोधून तोच आकडा धरा. महाग वस्तूला दुसरी बाजूही आहे: विकल्या जाणाऱ्या नगांची संख्या कमी असते आणि लोक निर्णयाला आठवडे लावतात. म्हणून मुख्य वस्तूसोबत त्याच विषयातल्या चार-पाच स्वस्त वस्तूही असाव्यात. घरघंटीच्या बाबतीत जादा जाळ्या, हवाबंद डबे, स्वयंपाकघरातला वजनकाटा, पीठ चाळायच्या चाळण्या. १८० दिवसांतल्या तीन विक्री बहुधा याच वस्तूंमधून होतात.

दुसरी कसोटी प्रश्नांची. या विषयावर खरेदीआधीचे आणि खरेदीनंतरचे मिळून निदान ३० वेगळे प्रश्न निघतात का? नुसता ‘सर्वोत्तम कोणती’ हा एकच प्रश्न दहा रूपांत फिरत असेल तर विषय सोडा.

तिसरी कसोटी पोहोच. ती वस्तू तुमच्या घरात, नात्यात, शेजारी किंवा गावातल्या दुकानात प्रत्यक्ष पाहता, चालवता, मोजता येते का? येत नसेल तर तुमच्याकडे कंपनीच्या माहितीपत्रकापलीकडे लिहायला काही उरणार नाही. विक्रेत्याचंच वर्णन उचलून लिंक चिकटवलेल्या पानांना गूगलने आपल्या स्पॅम धोरणात स्पष्ट नाव घेऊन बसवलं आहे.

इशारा: आरोग्य, औषधं, कर्ज, विमा आणि शेअर हे विषय पहिल्या वेबसाइटसाठी नकोत. चुकीच्या सल्ल्याने वाचकाचं खरं नुकसान होतं, आणि अशा विषयांत गूगल लिहिणाऱ्याची जाणकारी जास्त कडक तपासतं.

टप्पा २: प्रश्नांची यादी करा

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने आखा: प्रश्न, लोक तो कोणत्या शब्दांत विचारतात, विचारणारा खरेदीच्या किती जवळ आहे, आणि उत्तरासाठी काय मोजावं किंवा पाहावं लागेल.

प्रश्न गोळा करायला गूगलच्या शोधचौकटीत शब्द टाइप करून एंटर न दाबता थांबा आणि खाली सुचणारं सगळं लिहून घ्या. हेच यूट्यूबवर करा. मराठी विषयांत यूट्यूबच्या सूचना पुष्कळदा जास्त उपयोगी पडतात. ऑनलाइन दुकानातली तीन ताऱ्यांची परीक्षणं वाचा. पाच तारे देणारा आनंद लिहितो, एक तारा देणारा राग लिहितो, आणि तीनवाला नेमकं काय खटकलं ते सांगतो.

मराठी वाचक एकच गोष्ट तीन प्रकारे शोधतो: ‘घरघंटी’, ‘घरगुती पिठाची गिरणी’ आणि हिंदीतून आलेलं ‘आटा चक्की’. कितीतरी जण मराठीच पण रोमन अक्षरांत टाइप करतात. या प्रत्येक रूपासाठी वेगळा लेख लिहिणं ही नेहमीची चूक आहे. एका प्रश्नाला एकच लेख. शीर्षकात जास्त वापरला जाणारा शब्द घ्या आणि बाकीची रूपं मजकुरात सहज येऊ द्या. जास्त वापर कशाचा, हे गूगल ट्रेंड्समध्ये प्रदेश महाराष्ट्र आणि कालावधी पाच वर्षं ठेवून पाहा.

तपासणी: प्रत्येक प्रश्न शोधून पहिल्या पानावरचे निकाल वाचा. तिथे नेमकं, मोजून दिलेलं मराठी उत्तर आधीच असेल तर तो प्रश्न यादीच्या तळाशी टाका. नुसते व्हिडिओ, हिंदी पानं किंवा विक्रेत्यांची पानं दिसत असतील तर तो वर घ्या.

टप्पा ३: बारा लेख लिहून ठेवा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. वेबसाइट अजून नाही, म्हणून लक्ष विचलित करणारंही काही नाही. साध्या डॉक्युमेंटमध्ये बारा लेख पूर्ण करा. त्यांतले सात-आठ लेख वापराचे प्रश्न सोडवणारे असावेत, तीन तुलनेचे, आणि एक सविस्तर खरेदी-मार्गदर्शक. नवशिक्या बारापैकी दहा ‘टॉप ५’ छापाचे लेख लिहितो. त्या शब्दांवर जुन्या, मोठ्या वेबसाइट ठाण मांडून असतात, त्यामुळे ते लेख कुणाला दिसतच नाहीत.

वापराचा लेख कसा असावा, ते वीजखर्चाच्या प्रश्नावरून पाहू. ‘घरघंटीला वीज खूप कमी लागते’ हे वाक्य कुणाच्याही कामाचं नाही. हिशेब असा मांडा: १ एचपी (हॉर्सपॉवर, मोटरची ताकद) म्हणजे ७४६ वॅट. मोटरमधली घट धरली तर १ एचपीच्या भरल्या यंत्राला तासाला साधारण १ युनिट लागतं. यंत्र तासाला ८ किलो दळत असेल तर किलोला ०.१२५ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर किलोमागे सव्वा रुपया. मग वाचकाला सांगा की स्वतःच्या वीजबिलातला दर घालून हेच करा, आणि कोपऱ्यावरच्या गिरणीचा किलोचा दर शेजारी ठेवा. महिन्याला १५ किलो दळणाऱ्या घराला आणि ४० किलो दळणाऱ्या घराला यंत्राचे पैसे किती वर्षांत वसूल होतात, हे दोन रकान्यांत दाखवा. ज्या घराला ते परवडणार नाही त्याला ‘घेऊ नका’ असं स्पष्ट लिहा. त्या एका ओळीमुळे बाकीच्या सल्ल्यावर विश्वास बसतो.

अशा लेखांसाठी प्रत्यक्ष मोजणी हवी. कुणाकडे यंत्र असेल तिथे वजनकाटा घेऊन जा. १ किलो ज्वारीला किती मिनिटं लागली, बाहेर पीठ किती ग्रॅम आलं, आत किती अडकलं, कोणत्या जाळीवर भाकरीचं पीठ नीट आलं आणि कोणत्या जाळीवर भरड, हे तिथेच लिहून घ्या. भाजणीचं धान्य गरम असताना टाकलं तर काय होतं, ओलसर धान्याने जाळी कशी बुजते, आतली सफाई किती वेळ खाते, शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येतं का, हे पाहा. फोटो स्वतः काढा: जाळ्या, तयार पीठ, पिठाने माखलेला आतला कप्पा. दुकानातला चकचकीत फोटो सगळ्यांकडे असतो.

वापरलं नसेल ते वापरलं असं लिहू नका. ‘माहितीपुस्तिकेनुसार’, ‘दुकानात चालवून पाहिल्यावर’, ‘दोन वर्षं वापरणाऱ्या कुटुंबाने सांगितलेलं’ अशी माहितीची वाट त्या-त्या जागी नोंदवा.

तुलनेच्या लेखात पाचपेक्षा जास्त वस्तू नकोत, आणि प्रत्येकीबद्दल ‘ही कुणासाठी नाही’ ही ओळ हवीच. लेखाची लांबी ठरवून घेऊ नका. जाळीच्या प्रश्नाचं उत्तर ६०० शब्दांत पूर्ण होत असेल तर तिथेच थांबा. उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या, कारणं नंतर.

एआयकडून मजकूर लिहून घ्यायचा मोह इथेच होतो. त्याने ज्वारी दळलेली नसते. शुद्धलेखन तपासायला त्याची मदत जरूर घ्या, पण निरीक्षण तुमचंच हवं.

टप्पा ४: डोमेन आणि होस्टिंग

नाव छोटं, उच्चारावरून स्पेलिंग लक्षात येईल असं. फोनवर एकाला सांगून त्याला टाइप करायला लावा. दोनदा चुकला तर दुसरं नाव शोधा. नावात ‘ॲमेझॉन’ किंवा कुठल्याही कंपनीचा ब्रँड घालू नका, तो ट्रेडमार्कचा भंग आहे आणि त्यावरून अर्ज नाकारला जातो. नाव एकाच मॉडेलपुरतं अडकवू नका, म्हणजे उद्या मिक्सर किंवा इडली-ग्राइंडरवर लिहिता येईल.

होस्टिंगचा सर्वांत छोटा, एका वेबसाइटचा प्लॅन पुरतो. त्यात मोफत एसएसएल (साइटचा पत्ता सुरक्षित करणारी सोय), रोजचा बॅकअप आणि भारतातला किंवा सिंगापूरचा सर्व्हर असावा. डोमेन होस्टिंगला जोडल्यावर ते सगळीकडे दिसायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. तेवढ्या वेळात घाबरून सेटिंग्ज पुन्हा पुन्हा बदलू नका.

इशारा: वर्डप्रेस हे स्वतःच्या होस्टिंगवर बसवायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. वर्डप्रेस डॉट कॉम ही जवळपास त्याच नावाची तयार सेवा वेगळी आहे. तिच्या मोफत प्लॅनवर हवे ते प्लगइन (जादा सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम) बसवता येत नाहीत.

टप्पा ५: वर्डप्रेसची मांडणी

पुढचा क्रम जसाच्या तसा पाळा.

१. वर्डप्रेस बसवताना वापरकर्त्याचं नाव ‘ॲडमिन’ ठेवू नका. वेळक्षेत्र कोलकाता निवडा.

२. सोबत आलेला ‘हॅलो वर्ल्ड’ लेख, नमुना पान आणि नको असलेले प्लगइन काढून टाका.

३. पर्मालिंकच्या (लेखांच्या पत्त्यांच्या) सेटिंगमध्ये ‘पोस्ट नेम’ निवडा. लेख टाकण्याआधीच. नंतर बदललं तर जुने पत्ते तुटण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

४. प्रत्येक लेखाचा पत्ता हाताने, रोमन अक्षरांत, तीन ते पाच शब्दांचा लिहा. मराठी वेबसाइटवर सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. वर्डप्रेस लेखाचा पत्ता मराठी शीर्षकावरून आपोआप बनवतं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, सांकेतिक रूपात ९ जागा घेतं, आणि पत्त्याची मर्यादा २०० आहे. म्हणजे साधारण २२ चिन्हांत पत्ता संपतो. ‘घरघंटीसाठी कोणती जाळी वापरावी’ हे शीर्षक ‘वा’ वरच तुटतं. वर तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक रांग दिसू शकते, आणि तशा लिंकवर बोट ठेवायला माणूस कचरतो.

५. हलकी थीम घ्या. जनरेटप्रेस, कॅडेन्स किंवा ॲस्ट्रा यांच्या मोफत आवृत्त्या पुरेशा आहेत. फाँट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, मजकुराचा आकार १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना चिकटतात.

६. प्लगइन चारच: एक एसईओसाठी (शोधयंत्रात नीट दिसण्यासाठी), एक कॅशसाठी (पानाची तयार प्रत ठेवून साइट लवकर उघडण्यासाठी), एक बॅकअपसाठी, एक संपर्क फॉर्मसाठी. दोन एसईओ प्लगइन एकत्र चालवू नका, दोन्ही एकाच पानावर वेगवेगळ्या सूचना छापतात.

७. फोटो चढवण्याआधी रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या हलक्या फाइल-स्वरूपात साठवा आणि आकार शक्यतो १०० केबीच्या आत ठेवा. फोनमधला मूळ फोटो तसाच टाकला तर कुठलाही कॅश प्लगइन वाचवत नाही.

८. विभाग तीनच करा: खरेदी, वापर, दुरुस्ती. बारा लेखांना दहा विभाग केले की प्रत्येक विभागाचं पान ओसाड दिसतं.

तपासणी: ‘रीडिंग’ सेटिंगमधली, शोधयंत्रांनी ही साइट टाळावी अशा अर्थाची टिकचौकट रिकामी आहे ना, ते बघा. काम चालू असताना लावलेली ही टिक तशीच राहिली तर कितीही लेख टाका, गूगलमध्ये काही येणार नाही. मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात मोबाइलचा निकाल पाहा. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा.

टप्पा ६: लेख चढवा, पण अफिलिएट लिंकविना

आधी चार स्थिर पानं: आमच्याविषयी, संपर्क, गोपनीयता धोरण, आणि कमाई कशी होते ते सांगणारं पान. ‘आमच्याविषयी’मध्ये कोण लिहितं आणि माहिती कशी मिळवतात ते सांगा.

मग आठवड्याला तीन या गतीने लेख टाका. प्रत्येक लेखातून निदान दोन जुन्या लेखांना जोडणी द्या, आणि नवा लेख टाकल्यावर जुन्यांत परत जाऊन त्याची जोडणी घाला. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात, मग नवे लेख एकटे पडतात. जोडणीचे शब्द अर्थपूर्ण असावेत: ‘इथे क्लिक करा’ नको, ‘भाकरीच्या पिठासाठी जाळी’ असे.

टप्पा ७: सर्च कन्सोल

गूगल सर्च कन्सोल हे तुमची साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन आहे. त्यात डोमेन प्रकाराची नोंद करा. तिथे मिळालेली टीएक्सटी नोंद (साइट तुमचीच आहे हे सिद्ध करणारी ओळ) डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये टाकायची असते. मग साइटमॅपचा (साइटवरच्या पानांच्या यादीचा) पत्ता द्या, तो एसईओ प्लगइनने बनवलेला असतो. महत्त्वाच्या पानांसाठी अनुक्रमणाची (इंडेक्सिंग, म्हणजे गूगलच्या शोधयादीत घेण्याची) विनंती एकदाच करा. रोज बटण दाबून वेग वाढत नाही. नवीन साइटची काही पानं आठवडेच्या आठवडे अनुक्रमणाबाहेर राहतात, ते सर्वसाधारण आहे.

टप्पा ८: आता अर्ज करा

बाराही लेख चढले आहेत, त्यांतले बरेचसे अनुक्रमित झालेत आणि शोधातून रोज काही वाचक यायला लागलेत, ही अर्जाची वेळ. आता १८० दिवसांची मुदत तुमच्या बाजूने चालते. अर्जात वेबसाइटचा पत्ता, ज्या समाजमाध्यमांवर लिंक द्याल त्यांचे पत्ते, पॅन आणि बँक तपशील खरे भरा. पॅन नसेल तर कमिशनमधून २० टक्के कर कापला जाऊ शकतो.

नियम वाचताना या गोष्टी अधोरेखित करा:

स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी धरली जात नाही. नातेवाइकांना आणि मित्रांना ‘माझ्या लिंकवरून घे’ म्हणून तीन विक्री पूर्ण करणं हे खातं घालवण्याचं कारण ठरतं.

ईमेल, पीडीएफ आणि छापील कागदावर ॲमेझॉनच्या अफिलिएट लिंक चालत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर आपल्या लेखाचा पत्ता पाठवा.

दुकानातले फोटो उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवायचे नाहीत, आणि किंमत हाताने टाइप करायची नाही. ती केव्हाही बदलते आणि तुमच्या पानावरची शिळी होते. किंमत आपोआप आणून दाखवणाऱ्या अधिकृत एपीआयची सोय नव्या खात्याला लगेच मिळत नाही, तोवर बटणावर ‘आजची किंमत पाहा’ एवढंच लिहा.

टप्पा ९: लिंक लावणे

क्लिकनंतर साधारण २४ तासांत झालेली खरेदी तुमच्या नावे धरली जाते. त्या वेळेत वस्तू कार्टमध्ये गेली तर मुदत आणखी लांबते. म्हणून लिंक तिथेच लावा जिथे वाचक निर्णयापाशी पोहोचला आहे: तुलनेच्या तक्त्यात, प्रत्येक वस्तूच्या परिच्छेदाच्या शेवटी, आणि खरेदी-मार्गदर्शकात. वीजखर्चाच्या लेखात शिरताच घरघंटीची लिंक दाखवली तर त्याचं क्लिक वाया जातं, कारण तो अजून हिशेबच करतोय. तिथून त्याला तुलनेच्या लेखाकडे पाठवा.

प्रत्येक अफिलिएट लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म (ही कमाईची लिंक आहे असं गूगलला सांगणारी खूण) द्या. योस्ट किंवा रँक मॅथ हा एसईओ प्लगइन असेल तर लिंक घालतानाच त्याचा पर्याय दिसतो. लिंक कुठे जाते ते लपवणारे मार्ग वापरू नका.

कमाईचा खुलासा लेखाच्या सुरुवातीला, पहिल्या लिंकच्या आधी, मराठीत: ‘या लेखातल्या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही.’ शिवाय ॲमेझॉनने ठरवून दिलेलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं साइटवर हवं. भारतात हा कायद्याचाही विषय आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने आर्थिक संबंध उघड करायचा असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तळटिपेत बारीक अक्षरांत दडवलेला खुलासा पुरेसा नाही.

तपासणी: प्रत्येक लिंक खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडून पाहा. योग्य वस्तू उघडते का, उघडलेल्या पत्त्यात तुमचा टॅग (विक्री तुमच्या नावे धरणारी खूण) आहे का? टॅग नसलेल्या लिंकवरून विक्री झाली तर तिचं श्रेय मागून मिळत नाही.

टप्पा १०: दर महिन्याची देखभाल

सर्च कन्सोलमध्ये गेल्या २८ दिवसांचे प्रश्न उघडा. ज्यांत तुमचं पान ८ ते २० या क्रमांकांत आहे ते वेगळे काढा. त्या प्रश्नांचं नेमकं उत्तर लेखात नसेल तर एक परिच्छेद किंवा फोटो घाला. नवा लेख लिहिण्यापेक्षा याने लवकर फरक पडतो.

वाचक येतात पण क्लिक नाहीत, तर सल्ला पुरेसा ठाम नाही किंवा लिंक चुकीच्या जागी आहे. क्लिक आहेत पण विक्री नाही, तर वस्तू संपली असेल, परीक्षणं बिघडली असतील, किंवा लेखातलं वर्णन प्रत्यक्ष वस्तूशी जुळत नसेल. बंद झालेलं मॉडेल दिसलं की त्याच दिवशी बदला. परत केलेल्या वस्तूचं कमिशन वजा होतं, म्हणून महिन्याच्या मध्यावरचा आकडा पक्का समजू नका. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी जमा होतात.

१८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत आणि खातं बंद झालं तर पुन्हा अर्ज करता येतो, पण जुने टॅग कामाचे राहत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवसापासून स्प्रेडशीटमध्ये पाचवा रकाना ठेवा: कोणत्या लेखात, कोणत्या वस्तूची, कोणती लिंक. तो रकाना असेल तर सगळ्या लिंक बदलणं एका दुपारचं काम आहे.

कमिशन हे उत्पन्न आहे. ते प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि नुसत्या पगारदाराचा साधा फॉर्म त्याला चालत नाही. जमा रक्कम, कापलेला कर, डोमेन आणि होस्टिंगची बिलं महिन्याच्या महिन्याला एका फोल्डरमध्ये ठेवा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. कमिशन देणारी कंपनी परदेशातली असेल तर पहिलं पेमेंट येण्याआधीच सीएला विचारून घ्या.

दुसऱ्या विषयाची दुसरी साइट काढायचा विचार तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हमखास येतो. पहिल्या यादीतले तीसही प्रश्न लिहून होईपर्यंत ती काढू नका.